आपोआप मिटणाऱ्या पुस्तकाची व्यवस्था

लिहून ठेवते मी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय पियानोच्या शिकवण्या. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या नणंदेचा उलट अभिप्राय जोडलेला नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. त्याच्या कागदांना कोपऱ्यात एक पिन पुरे. माझ्या यजमानांनी त्याला कातडी बांधणी करू नये, वकिलांना ते उघडून वाचता आले पाहिजे.

कलम १. राहते घर यजमानांच्याच नावावर आहे, त्यामुळे तिथे मला उदार होता येत नाही. बँकेतली ठेव लेकीला. नणंदेला काचेची निळी फुलदाणी, जी तिनेच मला दिली होती आणि जिची चौकशी ती दर भेटीत करते.

कलम २. माझे यजमान पुस्तके बांधतात. त्यांच्यासारखा हात या भागात दुसरा नाही. लग्नानंतर त्यांनी हौसेने माझी स्वरलिपीची सगळी छापील पुस्तके एकेक करून बांधली. कातडी कणा, सोनेरी अक्षरे आणि कडेने असे घट्ट टाके की पान सुटायची बिशाद नाही. पुस्तक उघडे राहायचीही नाही. पियानो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, हे या बांधणीत कुठे धरलेले नाही. आधी मी कपड्यांचे चिमटे लावून पाहिले. मग हेच संध्याकाळी स्टूल ओढून शेजारी बसू लागले, पान दाबून धरायला आणि उलटायला. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही. मी हनुवटी हलवली की ते पान उलटतात. आमचा संसार बराचसा असाच झाला, आणि मी त्यात सुखी होते.

कलम ३. शिकवणीची पुस्तके माझ्या विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावीत आणि हे ध्यानात ठेवावे. पातळ वहीला मधोमध दोन पिना मारल्या की काम भागते. जाड पुस्तक घडीघडीतून शिवून वर कापडी कणा लावला तर ते सपाट पडून राहते. नुसत्या डिंकावर भिस्त ठेवू नये, पाने नेमकी परीक्षेच्या दिवशी हातात येतात. रोजच्या सरावाला तारेची स्पायरल सगळ्यांत सोयीची. कार्यक्रमात मात्र पान उलटताना ती खरखरते आणि पहिल्या रांगेला कळते. यजमानांना यातले सगळे येते. पण त्यांच्या मते पुस्तक टिकले पाहिजे, उघडण्याचे नंतर बघू. त्यांचे आणखीही एखादे कारण असावे. मी कधी विचारले नाही.

कलम ४. लेकीने झेरॉक्स आणि स्पायरलचे दुकान काढले, तेव्हा हे म्हणाले, "कागदाला भोकं पाडून पोट भरणार का आता?" ती म्हणाली, "बाबा, तुमची पुस्तकं कपाटातच छान दिसतात." दोघेही खरे बोलले, त्यामुळे माघार कोणी घेतली नाही. तेव्हापासून ती समोर बसलेली असताना हे मला सांगतात, तिला विचार जेवून जाणार का. ती मला सांगते, त्यांना सांग, हो. मी मधल्या मध्ये दोन्हीकडचे निरोप पोचवते. मी गेल्यावर हे काम करायला कोणी उरत नाही, आणि या दोघांचा स्वभाव पाहता ते उपाशी बसतील पण विचारणार नाहीत. मला मरणाची धास्ती नाही, याची आहे.

कलम ५. सबब, पियानो लेकीला देत आहे, वाजवायला तिला मीच शिकवले. तो याच खोलीत राहील. कपाटातली पुस्तके तिने खुशाल सोडवून तारेत ओवावीत, यजमानांनी हरकत घेऊ नये. फक्त लाल कण्याचे जाड पुस्तक यजमानांना. ते उसवू नये, त्याला भोक पाडू नये, चिमटा लावू नये. लेकीने दर गुरुवारी संध्याकाळी येऊन त्यातूनच वाजवावे. अट मोडली, तर पियानो नणंदेला जाईल. तिला तो फोटोच्या चौकटी मांडायला हवा आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. पुस्तक शाबूत असल्याची खात्री पियानोचे सूर जुळवणाऱ्यांनी येतील तेव्हा करावी.

कलम ६. ते पुस्तक एकटीला उघडे ठेवता येणार नाही. यजमानांना स्टुलावर बसावेच लागेल. लेकीला हनुवटी हलवायची सवय नाही, आणि वाजवताना निरोप द्यायला मी तिथे नसेन. पहिले पान संपत आले की तिला तोंड उघडून म्हणावे लागेल, "बाबा, पान."

तेवढे झाले की माझी इस्टेट पोचली असे समजावे.

स्थळ: पियानोची खोली. दिनांक: सहीखाली घातला आहे.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: १. पियानोचे सूर जुळवणारे. २. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, ज्यांनी हा पियानो इतकी वर्षे छतातून ऐकला आणि एकदाही तक्रार केली नाही.