ओळखीच्या घरांचं हॅलोवीन

१२ ऑक्टोबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. यंदा हॅलोवीनला मुलांना घेऊन मी जाणार, असं कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अधिकृत ठरलं. शेजारच्या आसावरीने विचारलं होतं, कोण जाणार. पाऊण तास कोणीच काही लिहिलं नाही, मग मी लिहिलं. बायकोच्या मते याला ठरणं म्हणत नाहीत, सापडणं म्हणतात. शैलजाला माझ्यातला लीडर कधी दिसलाच नाही.

मुलं तीन. आमची अनया, वय दहा. आसावरीचा सिद्धेश, आठ. त्याची बहीण आन्या, सहा. आसावरीची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी.

इथे अमेरिकेत, आमच्या ईडन प्रेरी गावात, लोक या बाबतीत फार बेफिकीर. मुलं भुताखेतांचे वेष करून अंधारात वाटेल त्या दारावर टकटक करतात, ट्रिक ऑर ट्रीट म्हणत कँडी मागतात आणि आईबाप फुटपाथवर कॉफी पीत उभे. मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. रिस्क दिसली की मला झोप लागत नाही. मीटिंगमध्ये लागते, ती वेगळी.

अनयाला खरं तर वर्गातल्या एमाच्या ग्रुपबरोबर जायचं होतं. त्यात एकही मोठं माणूस नाही. रुसवाफुगवी झाली. शेवटी तोड निघाली की यंदा माझ्याबरोबर यायचं, मजा आली तर पुढच्या वर्षीही माझ्याबरोबर, नाही आली तर एमा. मजा येणारच आहे. तरी मनात आलं, दहा वर्षांची झाली, अजून किती वर्षं येणार आहे ही माझ्याबरोबर.

१९ ऑक्टोबर, शनिवार
नेटवर सेफ्टीचं सगळं वाचून काढलं. कपड्यांना चमकणारी टेप लावा. हातात बॅटरी. रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा. उघडा खाऊ घेऊ नका, फक्त पाकीटबंद. अनोळखी माणसाच्या घरात शिरू नका.

या शेवटच्या मुद्द्यावर दुपारभर विचार केला आणि एकदम प्रकाश पडला. अनोळखी घरी जायचंच कशाला? फक्त ओळखीच्या घरी जायचं. म्हणजे मराठी घरी. इतकी साधी गोष्ट या देशात आजवर कोणाला सुचू नये?

शैलजा म्हणाली, अनोळखी घरी जाणं म्हणजेच हॅलोवीन. तिला रिस्क मॅनेजमेंटचं ट्रेनिंग नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
ग्रुपवर रूट टाकला. सगळे खूश. यंदा लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी आहे, तेव्हा फराळालाच या म्हणाले. दोन सण एका फेरीत. ऑफिसात असं कधी जमत नाही.

अनयाने रूट पाहिला आणि विचारलं, यात कँडी कुठे आहे? सविस्तर उत्तर नंतर देईन म्हटलं.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ४
हॉलमध्ये ट्रेनिंग घेतलं. अनया चेटकीण, सिद्धेश ड्रॅक्युला, आन्या अननस. टेप जरा सढळ हाताने लागली. सिद्धेश रस्त्याच्या कामावरच्या पिंपासारखा दिसतो, पण दिसतो हे महत्त्वाचं. एक लांब शिटी म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. अनयाच्या कोटाच्या खिशात ट्रॅकर राहील, ती कुठे आहे ते मला फोनवर दिसेल.

उघड्या खाऊत कोणी काहीही कालवू शकतं, हे जरा रंगवून सांगितलं. सिद्धेश डोळे मोठे करून ऐकत होता. गुणी मुलगा.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४
सकाळी बर्फ पडला. कोट कंपल्सरी केला. चेटकीण कोट घालत नसते म्हणून अनया अर्धा तास भांडली, शेवटी घातला. तयारी पूर्ण. आता काही चुकायला जागाच नाही.

३१ ऑक्टोबर, घरी परतल्यावर
क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

पहिलं घर शरयूमावशींचं. मुलाकडे सहा महिने राहायला आल्या आहेत. आत या, बाहेर गारठा आहे, म्हणाल्या. इथे दारातूनच परतायचं असतं, हे मी सांगेपर्यंत मुलांचे बूट निघाले होते. दिवाळीचा दिवस, पाया पडणं आलं. ड्रॅक्युला वाकला, चेटकीण वाकली. अननसाला वाकता येईना, त्याला मी धरून वाकवलं. मग बेसनाचे लाडू आले, मावशींनी स्वतः वळलेले. सिद्धेशने हात मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वी कान्ट. परीक्षितकाका सेड इट माइट बी पॉयझन."

मावशींना इंग्रजी बेताचंच येतं, पण पॉयझन येतं. मी लागोपाठ चार लाडू खाल्ले. मावशींनी ताट आत नेलं.

दुसरं घर नंदू आणि अदितीचं. पुन्हा बूट, पुन्हा सोफा. चिवडा, चकली, चहा. नंदूने ग्रीन कार्डचा विषय काढला, तो नेहमीच काढतो. खिडकीतून समोरची गल्ली दिसत होती. दिवे लागलेले, मुलांचे घोळके या दारातून त्या दारात पळताहेत. अनया तीनदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, बाबा, लोक लाइट बंद करतील, मग कँडी नाही मिळत. तिच्या कँडीच्या बादलीत तोवर फक्त एक चकली होती. मी म्हटलं, पाचच मिनिटं, चहा टाकलाय त्यांनी, असं उठणं बरं दिसत नाही.

चहा संपवून वळलो तर सोफा रिकामा. दारातले मुलांचे बूट गायब.

दारात हाताला लागल्या त्या चपला घातल्या आणि पळालो. ट्रॅकर शरयूमावशींचं घर दाखवत होता. जीव भांड्यात पडला. धापा टाकत पोचलो, तर सोफ्यावर अनयाचा नुसता कोट, खिशात ट्रॅकर. मावशी म्हणाल्या, मुद्दाम ठेवून गेली, कोटात ड्रेस दिसत नाही म्हणे. मघाशी बाहेर पडताना माझं लक्ष कुठे होतं? मी मावशींची मनधरणी करत होतो. या खेपेला त्यांनी मला लाडू विचारला नाही.

कोट काखेत मारून समोरच्या गल्लीत आलो. शिटी फुंकली. दोन कुत्री आली. पुन्हा फुंकली. एका खिडकीतला दिवा विझला. थंडीने फोन बंद पडला. अंधारात सगळी घरं सारखी, मी कुठल्या वळणावर आहे तेही कळेना. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, मला रडू येत होतं. आसावरीला काय सांगू, शैलजाला काय सांगू. आणि माझी अनया, कोटाशिवाय, या थंडीत.

एका ड्राइव्हवेत शेकोटी पेटवून एक गोऱ्या आजी बसल्या होत्या. मी त्यांना तीन मुलं, अननस, असं काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, खुर्ची दिली, अंगावर ब्लँकेट टाकलं आणि हातात हॉट चॉकलेट दिलं. त्यांचा समज झाला की हरवलोय तो मीच.

तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यावर तीन बॅटऱ्या आल्या. हात धरून, एका ओळीत, मध्ये अननस. थांबल्या. दोन्हीकडे पाहिलं. मग रस्ता ओलांडला. बादल्या काठोकाठ भरलेल्या. अनयाने आजींना ट्रिक ऑर ट्रीट म्हटलं आणि मग तिला मी दिसलो.

खूप रागावणार होतो, पण आधी कोट पुढे केला. ती अदितीकाकूला विचारून गेली होती. मलाही सांगितलं होतं म्हणे, मी हं म्हटलं. म्हटलं असेन, ग्रीन कार्ड चालू होतं. मग तिने कोट घातला आणि माझा हात धरला. "होल्ड माय हँड, बाबा. तुझं सगळं ब्लॅक आहे, गाड्यांना दिसणार नाहीस."

रस्ता ओलांडला की हात सोडत होती. पुढचा कोपरा आला की पुन्हा धरत होती. लांबच्या वाटेने जावं असं फार वाटलं, पण वाट तीच दाखवत होती.

१ नोव्हेंबर, शुक्रवार
शांतपणे विचार करता प्रोजेक्ट यशस्वी म्हणायला हवा. तिन्ही मुलं सुखरूप. सगळे नियम पाळले गेले, म्हणजे ट्रेनिंग उत्तम. ग्रुपवर तसं लिहिलं. आसावरीने उत्तर दिलं, थँक यू अनया. अदितीने चपलांचं विचारलं.

शाळेत जाण्यापूर्वी अनयाला विचारलं, मजा आली का. खूप, म्हणाली. म्हणजे मी जिंकलो. मग पुढच्या वर्षीही माझ्याबरोबर ना?

तिने दूध खाली ठेवलं. मन लावून विचार केला. मला वाईट वाटू नये म्हणून करत होती, ते दिसत होतं.

"ओके बाबा. पण तू नंदूकाकाकडे बस. चहा पी. आम्ही येईपर्यंत तिथून हलायचं नाही. आम्ही तुला घ्यायला येऊ."

मी बरं म्हटलं.