‘आती हूं’

मंगळवार, संध्याकाळ

बी.एड. झाल्यापासून डोक्यात एकच: शाळेत जागा मिळाली नाही तर काय? आज घरी येईपर्यंत तो प्रश्न आठवलाच नाही.

तारकर्लीत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या बायकांना हिंदी बोलायला शिकवायचं, हे काम मी नाइलाजानेच घेतलं. बाबांना तात्पुरतं आहे म्हणून सांगितलंय. आज सुमनकाकी रागावूनच आल्या. परवा पाहुण्यांना ताटं वाढून त्या निघाल्या आणि ‘आती हूं’ म्हणाल्या. पाहुणे बिचारे त्यांची वाट बघत बसले. कढी गार.

“मी काय खोटा सांगलंय? भायर पडताना कोण ‘जातंय’ म्हणता काय गो?”

मला आधी हसू आलं. मग वाटलं, काकींचं व्याकरण कुठे चुकलंय? निघताना आपण ‘येते’ म्हणतो, ते त्या पाहुण्यांना कसं कळणार? मग आजचा सगळा वर्ग निघायचं कसं, यावरच. टाचण नाही, फळा नाही. कॉलेजच्या सराव पाठांना टाचण माझ्या हातातून सुटायचं नाही, आज त्याची आठवणही आली नाही.

शेवटी काकी म्हणाल्या, “अब मैं चलती हूं, आप खाना खा लीजिए.” अगदी बिनचूक. मग चपला घालता घालता माझ्याकडे वळून, “बाई, येतंय हां.”

बाई. इतके दिवस मी ‘गो’च होते.

घरी आले तर बाबांचं रोजचंच, “शाळेचा काय झाला?”

“भरली,” म्हटलं.