चांदणीच्या नावाची नळी

प्रिय पौर्णिमा,

वलगावात सगळं ठीक आहे असं लिहायची सवय, पण आज लिहवत नाही. आपल्या चांदणी घोडीचा ताप येते-जाते, पाय सुजलेलेच आहेत. तिची लेक शेवंती मात्र टुणटुणीत. परवाच भातकुलीची वरात करून आली. तुझ्या वहिनीनं तिले नवा तुरा लावला होता.

अकोल्याच्या लॅबमध्ये लागलीस तेव्हा तू मले ती काचेची ताटली दाखवली होती, आठवते? जेलीत भोकं, मधल्या भोकात विषाणूचा अर्क, बाजूच्या भोकांत घोड्यांच्या रक्तातलं पाणी. दोन्हींच्या मधे पांढरी रेघ उमटली की घोडं बाधित. मी हसलो होतो, एवढ्याशा रेघेनं एवढं मोठं जनावर मरते काय! तू म्हणालीस, "दादा, याले औषध नाही. आणि धडधाकट दिसणारं घोडंही रोग पसरवते." एकीची सुई दुसरीले टोचू नको, हे तर दर दिवाळीले सांगत आलीस. मी हो हो करत आलो.

काल चांदणीच्या नावावर रेघ आली म्हणून तू फोनवर रडलीस. सोमवारी पुन्हा रक्त नेतील, तेव्हाही रेघ आली तर तिले मारतील. गाव मले धीर देऊन राहिलं, अन् मले मान वर करवत नाही.

पौर्णिमा, ते रक्त चांदणीचं नव्हतं. रक्त काढायले आलेला डॉक्टर नवा, त्याले दोन्ही पांढऱ्या घोड्या सारख्याच. आजारी चांदणीत काही निघेल या भीतीनं मी शेवंतीले पुढं केलं, म्हटलं हीच चांदणी. तरण्या घोडीत काय निघणार! करायले गेलो गणपती अन् झाला मारुती. होळीच्या तापात चांदणीले टोचलेल्या सुईनंच मी शेवंतीले ताकदीचं इंजेक्शन दिलं होतं. वरून तिले वरातीत दुसऱ्यांच्या घोड्यांजवळ उभी करून आलो.

आज सकाळी डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं. त्यांनी दोघींचं रक्त काढलं, चावऱ्या माश्यांनी रोग पसरू नये म्हणून शेवंतीले मच्छरदाणीत वेगळी बांधायले लावली. बर्फाच्या डब्यात दोन नळ्या आहेत, या वेळी नावं खरी आहेत. डबा अन् हे पत्र तुझ्या लॅबच्या फाटकावर देऊन मी बसस्टँडवर जाऊन बसतो, तुझ्यासमोर येववत नाही. दोन्ही नळ्यांत रेघ आली तर फोनवर सांगू नको, वलगावले ये. शेवटच्या वेळी एकीची दोरी मी धरीन. दुसरीची एकट्यानं धरवणार नाही.

तुझाच, तुझं कधीच न ऐकलेला,
श्यामदादा