सोमवारी कळलं, बुधवारी सांगितलं

मॅडम,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण एखाद्या रिपोर्टवर सही करताना अजूनही माझा हात थबकतो. तुम्ही मागे उभ्या आहात आणि आता काहीतरी विचाराल असं वाटतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तोवर मला हे बोलायची हिंमत झाली नाही.

नाशिकच्या आपल्या लॅबमध्ये मी शिकाऊ म्हणून आले तेव्हा आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. माझं कॉलेज संपलं होतं, पण कॉन्व्हेंटची सवय गेली नव्हती. प्रत्येक वाक्याआधी मी ‘एक्स्क्यूज मी’ म्हणायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, “अगं, जंतूंची परवानगी कसली मागतेस? बस कामाला.” आम्ही चौघं शिकाऊ होतो. चौघांनाही तुम्ही एकच बजावलं होतं, “चूक झाली तर आधी माझ्याकडे यायचं, मग रडायचं. रडत आलात तर मला अर्धं कळत नाही.” आम्ही हसलो होतो.

पाण्याच्या नमुन्यांसाठी बाटल्या तयार करायचं काम माझ्याकडे होतं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर तिच्यातला क्लोरीन बाटलीत बंद झाल्यावरही जंतू मारत राहतो, आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत वाईट पाणीसुद्धा चांगलं ठरतं. ते होऊ नये म्हणून बाटली वाफेत निर्जंतुक करण्याआधी तिच्यात हायपोचे, म्हणजे क्लोरीन निकामी करणाऱ्या द्रावणाचे, काही थेंब टाकायचे. एवढंच काम. त्या दिवसांत सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर हगवणीची साथ होती. तिथली विहीर बंद केली होती आणि बाया डोंगर उतरून झिऱ्यावरून पाणी आणत होत्या. आरोग्यसेवक माझ्या बाटल्यांत त्या विहिरीचं पाणी भरून घेऊन आला. “सकाळीच पावडर टाकली बाई, हात आखडला नाही,” असं तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. दोन दिवसांनी पाहिलं तर सगळ्या नळ्या जांभळ्याच होत्या, एकही पिवळी पडली नव्हती. म्हणजे जंतू नाहीत. मी ‘पिण्यास योग्य’ असं लिहिलं, तुम्ही सही केलीत, आणि सोमवारी सकाळच्या एसटीने तो कागद पाड्याकडे गेला.

त्याच दुपारी पुढच्या बाटल्या करायला मी कपाट उघडलं. हायपोची बाटली मागच्या आठवड्यात मीच भरली होती. तिच्या तोंडावरचा ब्राउन पेपर तसाच होता, दोराही तसाच, माझ्याच गाठीचा. मी ती उघडलीच नव्हती; पाड्यावर गेलेल्या बाटल्यांत हायपो पडलाच नव्हता.

मी कपाट लावून टाकलं. मॅडम, तुमची खोली तिथून दहा पावलांवर होती. तुम्ही फोनवर कुणाला तरी झापत होतात, ते ऐकू येत होतं. मी परत टेबलाशी जाऊन बसले. मनात म्हणत राहिले, पाणी खरंच चांगलं असेल. मंगळवारी दिवसभर मी तुमच्यासमोर काम केलं. तुम्ही तुमच्या डब्यातली मेथीची भाजी माझ्या पोळीवर वाढलीत आणि म्हणालात, “तोंड का उतरलंय? घरी स्थळं बघतायत वाटतं?” मी मान हलवली आणि भाजी पोळीत गुंडाळत राहिले. शाळेत कॅथलिक मुली कन्फेशनला जायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्ही हिंदू मुली त्यांच्याकडे बघत व्हरांड्यात उभ्या राहायचो. त्या दिवशी मला तो व्हरांडा आठवत राहिला.

बुधवारी सकाळी मी आत येऊन सगळं सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात. “केव्हा लक्षात आलं?”

“आत्ता, मॅडम.”

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही जीप मागवलीत, नव्या बाटल्या घेतल्यात, मला शेजारी बसवलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, “हळू चालव असं मी येताना सांगीन. आत्ता नाही.” वणी मागे पडली, घाट सुरू झाला. मी खिडकीबाहेर बघते आहे, आणि मनात देवाला एकच विनवणी करते आहे, कुणाला काही झालेलं नसू दे.

विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. तुम्ही मला पुढे केलंत. “कागद तू लिहिलास ना? मग तूच सांग.” मी सांगितलं की कागद चुकलाय, माझ्याकडून चुकलाय, हे पाणी पिऊ नका. एक म्हातारी हंडा कमरेवर तसाच ठेवून म्हणाली, “कागद आला तवा तुम्हीच म्हनलात ना, पानी बेस हाय? आता परत झिऱ्यावर? तू येतीस का हंडा धराया?” दोघी-तिघी हसल्या. मग ती म्हातारी हसू आवरून म्हणाली, “सोमवारच्या सांजेपून ह्येच पानी पितोय. सून पडलीय माझी सकाळधरनं.”

तिच्या सुनेला आपण जीपमध्ये घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे खोल गेले होते, आणि हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. “पोराला कोन बघंल?” हे ती वाटभर विचारत होती. मी तिच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालत होते आणि मनात दिवस मोजत होते. सोमवारी दुपारी दहा पावलं चालले असते, तर त्या संध्याकाळी नाही तरी मंगळवारी सकाळी जीप पाड्यावर पोचली असती.

ती वाचली. उठून बसली असा निरोप रविवारी आला. ते मधले चार दिवस मी कसे काढले, ते मला आजही कुणाला सांगता येत नाही.

त्यानंतर तुम्ही तुमची प्लॅटिनमच्या तारेची लूप मला दिलीत. जंतू उचलायची, तुमच्या हातात वर्षानुवर्षं असलेली. इतर तिघांसमोर तुम्ही म्हणालात, “ही पोरगी लक्षात येताक्षणी माझ्याकडे आली. असं माणूस मला हवं.” पुढे दर वर्षी नवी मुलं आली की तुम्ही हीच गोष्ट सांगायचात, मला शेजारी उभं करून. मी खाली बघायचे. मुलांना तो विनय वाटायचा. आता मी शिकवते तेव्हा मीही ती गोष्ट तशीच सांगते, ‘लक्षात येताक्षणी’ या शब्दांसकट. गेल्या महिन्यात एक मुलगी धावत माझ्याकडे आली, चुकून दोन नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणून. “तुमची गोष्ट ऐकली होती म्हणून लगेच आले,” ती म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांकडे न बघता नमुन्यांची वही उघडली.

तुम्ही शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हा मी सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही नर्सला म्हणालात, “ही माझी खरं बोलणारी मुलगी.” मी मोसंबं सोलत बसले.

आठवड्याने तुम्ही गेल्याची बातमी आली. मी खूप रडले, मॅडम. पण रडण्याआधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.