छापखान्यावरची खोली

प्रिय ताई,

पाकिटावरचा पत्ता बघून तू दचकली असशील. तू तो मला कधी दिला नाहीस आणि मीही विचारला नाही. तसं आपलं ठरलंच होतं, की मला माहीतच नसलं तर भावोजींनी कितीही खोदून विचारलं तरी माझ्या तोंडून काय निघणार? तरीही हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं असेल, तर मला जी भीती वाटते आहे ती खरी आहे. आधी दाराची कडी लाव, मग वाच. शाळा अर्ध्यात सोडल्यामुळे असेल, मला थोडक्यात लिहिता येत नाही. एकेक गोष्ट क्रमाने लिहिली नाही तर काहीतरी राहून गेलं असं वाटत राहतं.

घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. ती अजून म्हणते, भांड्याला भांडं लागतंच, म्हणून कुणी घर सोडून जातं का? तुझ्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, आणि तू न्हाणीघरात घसरलीस हे भावोजींनी सांगितलेलं तिने खरं मानलं होतं. मी मानलं नव्हतं. भावोजी अजूनही तिची औषधं घेऊन येतात, तिच्या पायाशी बसून ती कधी कुठली घ्यायची ते समजावतात. अशा जावयाबद्दल आईला काही सांगायला गेलं की तिला मीच वाईट वाटतो.

मी अजून त्यांच्याच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. सोडलं तर संशय येईल, म्हणून सोडत नाही. माझ्याशी ते गोड बोलतात. काय साहेब, बहिणीची काही खबरबात, असं हसत विचारतात, जसं कुणी हवापाण्याचं विचारावं. पण त्यांच्या हातातला बारीक पेचकस तेव्हा फिरायचा थांबलेला असतो. मी मोबाइलच्या काचा पुसत राहतो. दुकानातल्या सगळ्या काचा आता आरशासारख्या झाल्यात.

ताई, तो ऑनलाइन गेमचा गट नसता तर मी वेडा झालो असतो. तुला तो पहिला दिवस आठवतो का? मी खेळताना पुन्हा पुन्हा मरत होतो आणि 'हडळ' नावाच्या कुणीतरी लिहिलं, अरे लिंबूटिंबू, पाठ भिंतीला टेकव, मग बघ कोण मारतं ते. लिंबूटिंबू हे लहानपणीचं नाव मी तिथे घेतलं होतं खरं, पण पाठ भिंतीला टेकव असं मला जगात एकच माणूस सांगायचं, गल्लीत लपाछपी खेळताना. मी दुकानातल्या स्टुलावर बसून रडलो आणि डोळ्यांत कचरा गेला म्हणालो. मग आपण सगळ्यांदेखत परक्यासारखे बोलत राहिलो. कुठला हेडफोन चांगला, तुझा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कुठल्या ओळीवर अडकला, आज डब्यात काय होतं. मध्येच गटातले बॅटरीकाका घुसायचे आणि कुठल्याही अडचणीवर, अगदी माझ्या सर्दीवरसुद्धा, आधी बंद करून चालू करा म्हणायचे. तेवढ्या फालतू गप्पांतून तू जिवंत आहेस, जेवतेस, हसतेस, हे मला कळायचं.

पण तेवढंच कळायचं नाही. खाली छापखाना आहे म्हणून टेबल हलतं आणि नेम चुकतो, असं तू लिहिलंस. समोरच्या दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरची हिरवी दाढ खिडकीतून स्क्रीनवर चमकते, असं लिहिलंस. नदीवरचा पूल बंद झाला म्हणून खेळायला उशीर झाला, असंही. पूल बातम्यांत होता, त्यावरून शहर कळलं. मग नकाशावर छापखाने बघत गेलो, आणि एका रस्त्याच्या फोटोत ती हिरवी दाढ दिसली. समोर छापखाना, वर एकच खोली, खिडकीत वाळत घातलेला तुझा पिवळा टॉवेल. गिऱ्हाइकं करता करता एका दुपारीत सापडलीस. मला आनंद व्हायला हवा होता. मी आधी फोनमधला सगळा शोध पुसून टाकला. ज्याच्याकडे आपलं सगळं बोलणं असेल, त्याला हे जमायला किती वेळ लागेल?

मी तुला सावध करणार होतो. तेवढ्यात माझा फोन बादलीत पडला. भावोजी म्हणाले, आण इकडे, तुझ्याकडे कामं पडलीत, मी बघतो. ते मालक, शिवाय वयाने मोठे. नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर तेवढ्यानेच संशय आला असता. दुसऱ्या दिवशी, आतला बोर्ड जळाला असं सांगून त्यांनी मला एक जुना फोन दिला. त्यावरून गटातल्या माझ्या खात्यात शिरायला गेलो तर पासवर्ड चुकीचा. मी दोनदा तपासून लिहिणारा माणूस आहे, ताई. पासवर्ड चुकीचा नव्हता, बदललेला होता.

काल मी नव्या नावाने गटात शिरलो. नवख्याला तिथे काही दिवस नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. लिंबूटिंबू तिथे होता. मजेत बोलत होता, बॅटरीकाकांची टिंगल करत होता, अगदी माझ्यासारखी. तुझा हेडफोन एका बाजूने बंद पडलाय ना, म्हणाला, मी दुकानातून चांगला पाठवतो, पण पाठवू कुठे ते सांग. आणि तू हसण्याचं चित्र टाकून लिहिलंस, आपलं ठरलेलं मोडतोयस हं, पण चल, रविवारी निवांत पत्ता पाठवते. मी तिथेच ओरडलो असतो, पण ओरडायला जागा नव्हती. स्वतः निघालो तर भावोजी माझ्या मागोमाग येतील. म्हणून हे पत्र. तो मी नाही, ताई. फोन पाण्यात पडला त्या दिवसापासून मी तुझ्याशी एक अक्षर बोललेलो नाही. रविवारच्या आत नक्की पोचेल असं कुरिअरवाला म्हणाला, पण तो सगळ्यांना तसंच म्हणतो. वेळेत मिळालं तर गटात काही बोलू नकोस, भांडू नकोस, नेहमीसारखी हस आणि दुसरी जागा बघ. रविवार उलटून गेला असेल, तर सामान आवरत बसू नकोस. चार्जरसुद्धा घेऊ नकोस. नुसती नीघ.

तुझाच, खराखुरा,
धाकटा