शारदाताईची फाईल

सुदामा नगर, इंदूर
१२ जानेवारी २०२४

तीर्थरूप मालोजीदादांस,
विनीताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे वहिनीकरवी सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. परवा अनुष्का नावाची एक वकील मुलगी कृष्णपुऱ्याच्या जुन्या घरापासून विचारत विचारत माझ्याकडे आली. इथल्या मनोरुग्णालयात सरकारी अनुदानातून रुग्णांच्या हक्कांसाठी एक कक्ष उघडलाय, तिथे ती असते. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांच्या फाइली वाचते. शारदा तुमच्या कोण, असं तिने विचारलं. मी म्हणाले, मोठी बहीण होती, माझ्या लग्नाआधी कावीळ होऊन गेली. ती म्हणाली, त्या जिवंत आहेत.

दादा, काल मी ताईला भेटून आले. केस पांढरे, पुढचे दात गेलेले. मला बघून म्हणाली, तू अगदी आईसारखी झालीस. मग आई कशी आहे म्हणून विचारलं. आई गेली हे सांगवेना, बरी आहे म्हणाले. दुसरं काय बोलणार?

बावीस वर्षं मी सांवेर रोडच्या कारखान्यात जाते. आमची बस रोज त्या रुग्णालयाच्या भिंतीजवळून जाते. ताईला जाळीतून ती दिसते. साडेआठची निळी बस म्हणते ती.

ती घरी जाण्याइतकी बरी आहे, असं डॉक्टर अकरा वर्षं लिहिताहेत. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कायद्याने कुणाला आत ठेवता येत नाही, असं अनुष्का सांगते. पण तिच्या सुटकेची सुनावणी मार्च संपायच्या आत व्हायला हवी. कक्षाचं अनुदान तिथवरच आहे, पुढचं कुणालाच पता नाही.

तुम्ही दरवर्षी तिचं श्राद्ध घालता. बस एवढंच सांगा, तुम्हाला माहीत होतं का?

माया असू द्या असं दरवेळी लिहिते. आज हात चालत नाही.
विनीता

*

नाशिक
२० जानेवारी २०२४

चि. विनीतास,
मालोजीचे अ. उ. आशीर्वाद.

माहीत होतं. मीच तिला सोडून आलो होतो.

तुला बघायला पाहुणे आले होते. ती अंगणात उभी राहून कुणाशी तरी बोलत होती आणि समोर कुणी नव्हतं. मंडळी चहा तसाच ठेवून उठली. होळकरांच्या फौजेतलं आपलं घराणं, त्याचं नाव जाईल एवढंच तेव्हा डोक्यात होतं. उपचारांना परगावी नेतो म्हणून तिला बाहेर काढलं आणि गावातच दाखल केलं. महिन्याने घरी सांगितलं की ती गेली, विधीही तिकडेच उरकले. आईने एकच विचारलं, शेवटी तिला पाणी कुणी पाजलं. मी म्हणालो, मी.

पुढे रुग्णालयाचं पत्र माझ्या कचेरीत आलं की ती सुधारली आहे, न्या. मी कारकून माणूस, मसुदा लिहिणं हातचा मळ. दुसरं कुणी नातलग नाही, सांभाळणं शक्य नाही, असं उत्तर धाडलं.

श्राद्धाचं म्हणशील, तर पान वाढून गच्चीवर एकटाच जायचो आणि कावळा यायच्या आत उचलून गाईला घालायचो. तो शिवला तर काय आणि नाही शिवला तर काय, दोन्हीची भीती. अजून जेवायला बसलो की वाटतं, पाठीमागे कुणीतरी ताटाची वाट बघत उभं आहे.

सही लागली तर पाठवीन. यायची हिंमत नाही. आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो घे.
मालोजी

*

इंदूर
५ मे २०२४

ती. दादांस,
शारदाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र विनीताने मला वाचायला दिलं. फार वर्षांनी लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

मार्चमध्ये सुनावणी झाली. कुठे राहायला आवडेल, असं सुनावणी घेणाऱ्या मंडळाने विचारलं. काय आवडेल हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, मी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. विनीता घरी चल म्हणत होती. मी एका संस्थेच्या घरात जाते म्हणाले. आम्ही पाच बायका आहोत. दाराला आतून कडी आहे. दिवसातून कितीदा तरी मी ती लावते आणि उघडते.

रविवारी विनीताकडे गेले. भिंतीवर माझा फोटो, हार घातलेला. ती काढायला धावली. मी राहू दे म्हणाले. फोटोतली ती सव्वीस वर्षांची मुलगी खरंच गेली.

एप्रिलपासून अनुष्का येत नाही. अनुदान वाढलं नाही, कक्षाला कुलूप आहे. माझ्या फाइलीखाली अजून चौदा होत्या. त्यातली एक सुनंदाची. वीस वर्षं तिची खाट माझ्या शेजारी. निघताना तिने विचारलं, माझा नंबर कधी. मी म्हणाले, पुढच्या महिन्यात. मीही खोटंच बोलले, दादा.

तुमच्या पत्राने मी इतकी वर्षं आत राहिले. आता सरकारला एक पत्र लिहा, कक्ष वापिस सुरू करा म्हणून. काय झालं ते सगळं लिहा. खाली मीही सही करीन.

राग गेला असं लिहीत नाही. पत्र मात्र लिहा.
शारदा

*

नाशिक
१४ मे २०२४

चि. शारदास,

मसुदा चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. पाचव्यांदा पहिलंच वाक्य लिहिलं, की मी माझ्या जिवंत बहिणीला मेलेली ठरवलं आणि एवढ्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही, कारण विचारणं हे कुणाचं कामच नव्हतं. मग पुढचं आपोआप आलं.

टपालाने पाठवत नाही. सोमवारी घेऊन येतो. आधी तुझी सही, मग भोपाळचं मंत्रालय. तिथे कुणी भेटेपर्यंत बाकावर बसून राहीन.

या घरात तुझ्या नावाआधी मी 'कै.' लिहीत आलो. आज 'चि.' लिहिलं आणि पुढे काही सुचेना, म्हणून आशीर्वाद राहिला. तू दार उघडलंस तर समोर उभा राहून देईन.
मालोजी