दोन रेघांची दुरुस्ती

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली. खाली ऑफिस आणि वर मी, त्यामुळे उशीर झाला तर सांगायला जिन्याशिवाय सबब नाही. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक अशी खुर्ची, जिच्यावर बसलं की ती हळूहळू खाली जाते. ती अर्थातच माझ्या वाट्याला आली.

आम्ही विमानांची पॅनेलं बनवतो. खरी नव्हेत, घरबसल्या सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींसाठी. वैमानिकासमोर ज्या डायली असतात, उंचीची, वेगाची, इंधनाची, त्या एडिटर नावाच्या प्रोग्राममध्ये उचलायच्या, पॅनेलवर बसवायच्या, कुठला काटा किती फिरेल ते ठरवायचं आणि सेव्ह करायचं. मालकांना सगळे कॅप्टन म्हणतात. ते आयुष्यात एकदाच विमानात बसलेत आणि तेव्हाही झोपले होते.

हा एडिटर माझ्या आधीच्या माणसाने स्वतः लिहिलाय. घरी काहीतरी झालं म्हणून तो तडकाफडकी गेला, तो परत आलाच नाही. काम मात्र नेटकं केलंय पठ्ठ्याने.

संध्याकाळी बारकीला फोन केला. माझी ही धाकटी बहीण खरं विमान शिकतेय. दोन सीटचं, शेजारी शिक्षक. म्हणाली, ताई, मी खरं उडवणार आणि तू खोटं, आईने एकीला तरी सरळ काहीतरी शिकवायला हवं होतं. तिच्या प्रत्येक उड्डाणाआधी मी फोन करून जपून जा म्हणते आणि ती दर वेळी हसते. हसू दे. मोठी आहे मी, काळजी करणं माझं काम.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. सकाळी पॅनेल उघडून बसले होते. सिम्युलेटर बंद, म्हणजे सगळे काटे शून्यावर झोपलेले असायला हवेत. दहा वाजून दहा मिनिटांनी वेगाचा काटा हलला. मग उंचीचा उठला, तीन हजार फुटांपर्यंत चढला, बराच वेळ तिथे राहिला आणि पावणेअकराच्या सुमारास हळूहळू खाली आला. कॅप्टन म्हणाले, जुनं रेकॉर्डिंग असेल कुठलं तरी.

संध्याकाळी बारकी सांगत होती, आज दहा-दहाला उडालो, तीन हजारावर वळणं घेतली, पावणेअकराला उतरलो. मी खोदून खोदून विचारलं. सगळं जुळलं. माझ्यासमोर हिच्याच विमानाच्या डायली!

कसं ते देव जाणे. मला तर बरंच वाटलं. इतके दिवस ती वर गेली की माझा जीव टांगणीला लागायचा. आता ती उतरली की मला दिसेल. आज दोन घास जास्त गेले.

सोमवार, ११ फेब्रुवारी

बारकी तीन हजारावर असते तेव्हा माझ्या डायलवर काटा दोन रेघा अलीकडेच थांबतो. एक रेघ वीस फुटांची. जमिनीवर बरोबर शून्य, वर गेल्यावर चूक. मला असलं वाकडं बघवत नाही. काटा दोन रेघा पुढे घेतला आणि सेव्ह केलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

बारकीचा फोन. आज विमानातली उंचीची डायल चाळीस फूट जास्त दाखवत होती म्हणे. उतरताना झाडं नेहमीपेक्षा जवळ दिसली म्हणून शिक्षकांनी ओळखलं, वीस वर्षं ते त्याच मैदानावर आहेत. जमिनीवर मात्र काटा चोख शून्यावर. मेकॅनिकने ती डायल काढून नवी बसवली. बारकीला त्याचं काही नाही, ती शुक्रवारच्या नादात आहे. शुक्रवारी ती पहिल्यांदा एकटी उडणार.

चाळीस फूट. दोन रेघा. माझ्याच.



बुधवार, १३ फेब्रुवारी

सकाळी आधी काटा होता तिथे मागे नेला. सेव्ह. बंद करून परत उघडलं तर चार रेघा पुढे. पुन्हा मागे, सेव्ह. आठ. घाबरून पुन्हा. सोळा. मग थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, चुकून दुसरीकडेच सेव्ह करतेय मी, नीट बघून एकदा करते.

बत्तीस. सहाशे चाळीस फूट.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सोमवारची जुनी फाइल काढली, तीही बत्तीस दाखवते. कॅप्टनना बोलावलं. त्यांनी सिम्युलेटर लावून बघितला, म्हणाले सगळं जागच्या जागी आहे, तुम्ही दोन दिवस विश्रांती घ्या. फाइल उडवून टाका म्हणाले. आणि वर असताना तिच्यासमोरची डायलच गेली तर?

आज बारकी उडाली नाही. म्हणजे तिथे कुणालाच काही कळलेलं नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आधीच्या माणसाला फोन केला. बायकोने उचलला. ते हल्ली कॉम्प्युटरकडे बघतही नाहीत म्हणाली. मी रडायला लागले तेव्हा तिने त्यांना दिला. त्यांनी एवढंच विचारलं की सेव्ह केलंत का. हो म्हटलं. किती वेळा? पाच. मग हुंदका ऐकू आला. रडत होते बहुतेक. त्यांनी फोन ठेवला.

बारकीला सगळं सांगितलं. ती हसली. ताई, तुझा लांडगा रोजच येतो गं, म्हणाली. डायल नवी आहे, आज पुन्हा तपासली, शून्य म्हणजे शून्य. विमान शाळेच्या ऑफिसात फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं, अगदी अदबीने.

आई तिचं उड्डाण बघायला तिकडे गेलीय. तिलाही सांगितलं, तर म्हणाली, पोरीच्या चांगल्या दिवशी अभद्र बोलू नकोस. मला तिथे पोचायला दीड दिवस लागतो.

इतकी वर्षं उगाच घाबरले नसते तर आज कुणीतरी ऐकलं असतं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

९.५०. पॅनेल उघडं आहे. हात माऊसला लागू नये म्हणून लिहितेय. आई फोनवर आहे, मैदानाच्या कडेच्या खोलीत. शेजारी शिक्षक आणि रेडिओ.

१०.०६. उडाली. आई म्हणते किती छान गेली गं, तू उगाच. ऊन आहे.

१०.१५. दीड हजार. म्हणजे खरे आठशे साठ. ऊन आहे तोवर तिला खाली दिसेल. दिसेल ना.

१०.२४. आई म्हणते ढग उतरलेत. एकदम. समोरची टेकडी दिसेना. शिक्षक तिला परत बोलावतायत.

आईला म्हटलं, शिक्षकांना फोन दे. कामात आहेत म्हणते, मध्ये नको बोलायला.

१०.२७. नऊशे. परत मागे घेऊन सेव्ह केलं तर? चौसष्ट होतील. नाही केलं तर? — डावा हात मांडीखाली दाबून धरलाय.

ओरडले. आई, तिला वर जायला सांग, वर, बाकी काही विचारू नको. आई म्हणते ती रेडिओवर म्हणाली, आठशे फूट, सगळं ठीक.

माझ्याकडेही आठशे. खरे एकशे साठ. टेकडीवर झाडं आहेत —

आई पळाली शिक्षकांकडे. ऐकलं त्यांनी. आता तेही ओरडतायत, वर घे, वर —

सातशे.

वेगाचा काटा पडला. शून्य.

उंचीचा हलत नाही.

आई फोनवर परत आली. रेडिओ बोलत नाहीये म्हणते. तुझ्याकडे दिसतं ना गं सगळं, बघ ना, किती वर आहे ती. सारखं तेच विचारतेय. किती वर आहे सांग. सातशे दिसतंय आई, अजून सातशेच, पण ते —